सहाव्या नळीचं झाकण

१

चोरीला काहीच गेलं नव्हतं. गेलं असतं तर मला कुणी बोलावलंच नसतं. पोलीस आले असते, पंचनामा झाला असता आणि मी खोताच्या वाडीतल्या माझ्या व्हरांड्यात निवांत शब्दकोडी सोडवत बसले असते.

फोन रुपाली सामंतचा होता. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता परळच्या आमच्या संस्थेत प्रयोगशाळेची प्रमुख. 'आमच्या' म्हणायची खोड अजून गेली नाही, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी.

"मॅडम, जरा नाजूक प्रकरण आहे," ती म्हणाली. "एका मुलीने आकडे बनवलेत. म्हणजे, बनवलेत असं दिसतंय. शुक्रवारी समिती बसतेय. त्याआधी बाहेरच्या माणसाने एकदा बघावं असं संचालकांचं म्हणणं आहे."

"आणि मी बाहेरची?"

"बाहेरच्या, पण आपल्यातल्या."

असली वाक्यं रुपाली माझ्याकडूनच शिकली. मंगळवारी सकाळी मी तिच्या टेबलासमोर बसून फाइल वाचत होते. मुलीचं नाव आकांक्षा गमरे, पीएचडीचं तिसरं वर्ष.

तिचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. औषध पेशीच्या दारावर येतं, आणि त्याचा निरोप आत पोचवायला पेशीत निरोपे असतात, नाना तऱ्हेचे. कुठला निरोप कुणी नेला हे डोळ्यांना दिसत नाही. तिथे डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष कामाला येतं. जिवाणू नव्हे, त्यातून काढून शुद्ध केलेलं नुसतं विष, तेही थेंबाच्या अंशाएवढं. ते नेमक्या एका जातीच्या निरोप्याचे हात बांधतं आणि बाकीच्यांना शिवत नाही. चाळीत कुणाच्या मोरीत कुठल्या पाइपाचं पाणी येतं हे बघायचं असेल तर आपण गच्चीवरचा एक कॉक बंद करतो आणि कुणाचा नळ कोरडा पडतो ते पाहतो, तसंच हे. लेकरांना छळणारी वस्तू अशी कॉक म्हणून वापरता येते याचं मला आजही नवल वाटतं.

सप्टेंबरात आकांक्षाला दिसलं, की दम्यावरच्या एका औषधाचा निरोप याच निरोप्यामार्फत जातो. विष घातलं की निरोप थांबायचा. पाचपैकी पाच वेळा थांबला. पंचाईत अशी, की चार वर्षांपूर्वी रुपाली आणि तिचा सहकारी हितेंद्र म्हात्रे यांनी शोधनिबंधात याच्या बरोबर उलट छापलं होतं. दसऱ्यानंतर रुपालीने प्रयोग स्वतः करून पाहिला. हितेंद्रने पाहिला. आकांक्षालाही करायला लावला. तेच विष, त्याच पेशी, पण निरोप काही थांबेना.

शुक्रवारी तिची नोंदणी रद्द होणार होती. आकडे बनवणारी म्हणून एकदा नाव लागलं की कुठल्याही प्रयोगशाळेचं दार तिला उघडणार नव्हतं.

फाइलच्या शेवटी विषाच्या साठ्याची यादी होती. सहा नळ्यांपैकी दोन सप्टेंबरात संपल्या, उरलेल्या चार जागेवर. समासात रुपालीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'चोरी नाही, गहाळ काही नाही.' म्हणजे उरली ती मुलगीच. मलाही तसंच वाटलं, हे आधीच कबूल करून टाकते.

२

आकांक्षा लायब्ररीच्या कोपऱ्यात बसली होती. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, समोर प्रयोगाची जाड वही. मी बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खरं सांग, आकडे जुळवले नाहीस ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. "नाही, मॅडम."

तिने वही उघडून सप्टेंबरचं पान माझ्याकडे सरकवलं. वेळ, तापमान, आकडे, सगळं जागच्या जागी. एका ठिकाणी, पेशी वाढवायच्या एका बशीबद्दल, 'हात हलला, बशी बाद' असं लिहिलेलं. आपली चूक लिहून ठेवणारी माणसं या धंद्यात कमी. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी पान उलटलं आणि पुढे गेले.

"विष कोणी उघडलं?"

"मीच. ऑगस्टमध्ये पार्सल आलं. पाण्यात विरघळवून सहा नळ्यांत वाटलं, झाकणांवर नंबर घातले आणि फ्रीजमधल्या पांढऱ्या डबीत ठेवलं. खोका फेकायला दिला. रुपाली मॅमचा नियम आहे, खोके ठेवायचे नाहीत, जागा नाही."

"दसऱ्याच्या आधी तुझं सगळं नीट चाललं होतं. मग तू रजेवर गेलीस."

"चार दिवस. नागपूरला."

"का?"

"दरवर्षी जातो आम्ही दसऱ्याला. दीक्षाभूमीवर." तिने पेन उचललं. "हितेंद्र सर समितीला म्हणाले की आकडे लिहून मी पळाले."

तसं ते फाइलमध्ये होतंच, जरा सभ्य शब्दांत. मी विचारलं, तुला कुणावर संशय आहे का. ती म्हणाली, "मी कुणाचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की काय होतं ते बघतेय मी सध्या."

उठताना माझी नजर तिच्या हाताकडे गेली. पेन इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी तिला धीराचा एक शब्द बोलू शकले असते. चौकशी करणाऱ्याने तटस्थ असावं, असं स्वतःला सांगून मी निघाले.

३

फ्रीजपाशी भिवा उभा होता. भिवा घाडीगावकर, प्रयोगशाळेचा सेवक. लालबागचा, मूळचा मालवणकडचा. बापलेक दोघंही गिरणीत साचे चालवायचे. गिरणी गेली आणि भिवा आमच्याकडे लागला, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मार्चमध्ये निवृत्त होणार होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"बाई! किती दिवसांनी! चाय आणू?"

"आधी काम. विषाची डबी कोण कोण हाताळतं?"

"पोरगी. म्हात्रेसायब. मोठ्या मॅडम. आणि साफसफाईला मी." त्याने आवाज खाली आणला. "पण बाई, त्या डब्यांचं मला नका सांगू. तुमची शिकवण हाय. जीवापाड जपतो मी मोलाची वस्तू. या फ्रीजमधून कधी काय वाया गेलेलं नाय."

दारावर तापमानाची वही टांगलेली होती. भिवा रोज सकाळी आकडा लिहितो. चार, चार, चार, पानंच्या पानं चार. खंडेनवमीच्या रकान्यात मात्र आकडा नव्हता, कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. पूजेच्या दिवशी वह्यांनाही कुंकू लागतंच. मला हसू आलं. माझ्या काळातही भिवा यंत्रांना झेंडूच्या माळा घालायचा आणि आम्ही सगळे पेढे खायचो.

मी पांढरी डबी उघडली. चार नळ्या, नखाएवढ्या. झाकणांवर गोल कागदी स्टिकर आणि आकांक्षाच्या हातचे निळे आकडे. तीन, चार, पाच, सहा. यादीप्रमाणे सगळं हजर.

मी डबी बंद करणार होते, पण चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तीन, चार आणि पाच या आकड्यांची शाई फुटली होती, पाणी लागून कडा पसरल्या होत्या. सहाचा आकडा स्वच्छ होता, काल लिहिल्यासारखा.

चौघी एका डबीत, एका दिवशी ठेवलेल्या. तिघी भिजल्या तेव्हा चौथी डबीत नव्हती. कुणीतरी ती बाहेर नेली होती आणि गुपचूप परत आणून ठेवली होती.

४

हितेंद्र म्हात्रे पस्तिशीचा, हसतमुख, वसईकडचा. त्याच्या टेबलावर परदेशातल्या एका विद्यापीठाचं पत्र होतं, बोलावणं आलेलं. मी नळ्यांची डबी त्याच्या समोर ठेवली.

"सहा नंबर कधी परत ठेवलीस?"

अंदाजच होता माझा. पण आकांक्षाला स्वतःच्या नळीची चोरी करायचं कारण नव्हतं आणि रुपालीला विचारायचीही गरज नव्हती. लपून न्यायची गरज एकट्यालाच होती.

हितेंद्रचं हसू हळूहळू उतरलं. "कोण म्हणालं?"

"झाकण म्हणालं."

तो खिडकीशी गेला. खाली हॉस्पिटलच्या फाटकाशी खेड्यांतून आलेले नातेवाईक फुटपाथवर डबे उघडून बसले होते. त्यांच्याकडे बघतच तो बोलला.

"मी चोरी नाही केली, मॅडम. बघायला घेतली होती. सप्टेंबरचे तिचे आकडे बघून मला झोप येईना. तिचं खरं असेल तर आमचा निबंध खोटा ठरतो. म्हटलं, एकदा आपल्या हाताने करून बघू. दसऱ्याच्या आठवडाभर आधी सहा नंबर वरच्या मजल्यावर नेली, पेशींच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवली."

"आणि?"

"आणि काय?"

"हितेंद्र, मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला जिने चढायला लावू नकोस. निरोप थांबला की नाही?"

त्याने कपाळावर हात ठेवला. "थांबला."

मी सहा नंबरची नळी उचलून उजेडात धरली.

"मला वाटलं माझीच काहीतरी चूक झाली असेल. मग दसऱ्यानंतर मॅमनी डबीतली नळी घेऊन केलं तर निरोप थांबला नाही. मीही डबीतल्या नळीने केलं, तरी नाही. म्हटलं, बरं झालं, आपलंच आधीचं चुकलं होतं. चौकशी लागली तेव्हा नळी परत ठेवली."

"तुझ्या प्रयोगाचं समितीला सांगितलंस?"

"पत्र आलं होतं हो, मॅडम. जानेवारीत जायचंय. निबंध मागे घ्यावा लागला असता तर..."

"चोरी केली असतीस तर बरं होतं," मी म्हटलं. "तिची नळी नेलीस त्याचं काही नाही. तिचा साक्षीदार खिशात घालून बसलास."

त्याचे डोळे भरले. मला त्याची कीव आली नाही, तेव्हा तरी नाही. पण एक प्रश्न उभा राहिला आणि तो मला आवडला नाही. वरच्या फ्रीजमधलं विष जिवंत होतं आणि खालच्या फ्रीजमधलं मेलं होतं. मग ते मारलं कोणी?

"ते मी नाही केलं," हितेंद्र म्हणाला. "आईची शपथ घेतो."

५

शपथेवर मी विश्वास ठेवत नाही, पेशींवर ठेवते. विष जिवंत आहे की नाही हे बघायची एक जुनी, साधी पद्धत आहे. हॅमस्टर नावाच्या उंदराच्या पेशी बशीत वाढवल्या की त्या सुट्या सुट्या पसरतात. जिवंत विषाचा अंश लागला की त्या एकमेकींना बिलगून घोळके करतात. बुधवारी दुपारी मी रुपालीला समोर बसवून चार बशा लावायला सांगितल्या, चार नळ्यांच्या चार.

गुरुवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली आधी रुपालीने पाहिलं.

तीन नंबर: सुट्या. चार: सुट्या. पाच: सुट्या.

सहा नंबरच्या बशीवर ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग बाजूला झाली. मी पाहिलं. पेशी ठिकठिकाणी गोळा होऊन बसल्या होत्या, कोजागरीला गच्चीवर बायका बसतात तशा.

"म्हणजे तिचं खरं होतं," रुपाली म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"खरं होतं. आता हे बघ, तीन नळ्या दसऱ्याच्या आसपास मेल्या. फ्रीज बंद पडला होता?"

"नाही. नोंदवही आहे की."

"मुद्दाम कुणी मारल्या?"

"हितेंद्र?" ती म्हणाली, आणि लगेच मान हलवली. "तो घाबरट आहे, मॅडम. दुष्ट नाही."

माझंही तेच मत होतं. आणि मुद्दाम मारणाऱ्याने नळ्यांची झाकणं कशाला भिजवली असती? भिजणं ही खूण होती, पण कशाची ते मला लागत नव्हतं. डोकं चालेना की माणसाने चालावं, म्हणून मी भोईवाड्याची वाट धरली. आकांक्षाला निदान एवढं तरी सांगावं, की एक बशी तिच्या बाजूने बोलली.

६

आकांक्षा घरी नव्हती. तिच्या आईने, वैशालीताईंनी, दार उघडलं. महापालिकेच्या शाळेत शिकवतात. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलीची सगळी प्रशस्तिपत्रकं ओळीने. मी ओळख सांगितली तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"ती अंबरनाथला गेलीय, मुलाखतीला. औषधाच्या कंपनीत. इथलं काही खरं नाही म्हणते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक विचारू का? रागावू नका. प्रयोग चुकला तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या मनात पहिल्यांदा आलं का, की बाटलीत दोष असेल? की पहिल्यापासून पोरीतच?"

मला खोटं बोलता आलं असतं. "पोरीतच," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली. राग नव्हता, सवयीची मान होती ती. तेच मला जास्त लागलं.

"तिथे असती तर काय ते समजलं तरी असतं तिला," त्या म्हणाल्या. "पण नवमीला सकाळीच निघालो आम्ही. मी म्हटलं होतं, प्रयोग चालू आहे तर राहू दे या वर्षी. ती म्हणाली, आई, त्या दिवशी तसंही कुणी काम करत नाही, सगळं बंद करून पूजा करतात."

ग्लास माझ्या हातात तसाच राहिला.

सगळं बंद करून. फ्रीजसुद्धा. त्याशिवाय फ्रीज पुसणार कसा? म्हणून त्या रकान्यात आकडा नव्हता. कुंकू आकड्याच्या जोडीला नव्हतं, आकड्याच्या जागी होतं. फ्रीज दिवसभर बंद होता. मग आतल्या वस्तू कुठे होत्या?

शाई पसरवणारं पाणी कुठून आलं ते मला कळलं. बर्फ धरलेली वस्तू बाहेर काढली की वितळताना तिला असं पाणी सुटतं. आणि या विषाची एक खोड आहे, ती मी कधीतरी वाचली होती आणि विसरले होते: एकदा पाण्यात विरघळवलं, की ते थंड ठेवायचं पण गोठवायचं नाही. गोठलं की मेलं.

वैशालीताईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "तुमची पोर तिथे असती तर तिने त्याला थांबवलं असतं." त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी चपला अडकवल्या आणि निघाले.

७

डीप फ्रीझरच्या सगळ्यात वरच्या खणात, कडेच्या बर्फात, झेंडूची एक पाकळी अडकली होती. दिवाळी होऊन गेली तरी तिचा रंग तसाच होता. ती मी चिमट्याने काढली आणि भिवाला दाखवली.

"नवमीला फ्रीज बंद केलास?"

"होय तर. दरवर्षी करतो. धुवून पुसून, मग पूजा. दुसऱ्या दिवशी चालू."

"आतलं सामान?"

"साधं सामान थंड खोलीत. मोलाचं असेल ते डीप फ्रीझरात." तो अभिमानाने सांगत होता. "ती पांढरी डबी मी स्वतः ठेवली, बाई. पोरगी नव्हती ना. म्हटलं, तिची वस्तू आपण जपायची."

"भिवा, कुणी तुला हे विचारलं नाही?"

"विचारलं की. चौकशीवाले म्हणाले, कुणी डबी पळवली काय, कुणी काय मिसळलं काय. मी म्हटलं नाय. खरं तेच सांगितलं."

मी त्याला पूजेचं सामान कुठे ठेवतोस ते दाखव म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. बहुधा पुढचं सांगायला वेळ हवा होता. त्याने कोपऱ्यातलं आपलं पत्र्याचं कपाट उघडलं. हळद, कुंकू, कापूर, वाती एका छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट मांडलेल्या. खोका विषाच्या कंपनीचा होता, आकांक्षाने फेकायला दिलेला. बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत लाल शाईने छापलं होतं, की विरघळवल्यावर गोठवू नये.

तेही मला सोसलं असतं. पण कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने, जुन्या वळणाच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली होती:

'जेवढी वस्तू मोलाची, तेवढी जास्त थंडीत ठेवायची. – विजयकर बाई.'

विजयकर बाई म्हणजे मी. नलिनी विजयकर.

मला तो दिवस आठवला. भिवा नवीन होता. एक मौल्यवान द्रव्य त्याने दुपारभर टेबलावर ठेवलं, ते खराब झालं. मी सगळ्यांसमोर त्याला झाडलं होतं, गिरणीतले हात इथे चालायचे नाहीत म्हणून. आणि शेवटी हे वाक्य फेकलं होतं. आमच्या त्या वेळच्या वस्तूंना ते बहुतेक लागूही पडायचं. तो घरी गेला असेल, रडला असेल, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन त्याने ते दारावर लिहिलं आणि सत्तावीस वर्षं पाळलं.

मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं. हळूहळू सांगितलं, तरी व्हायचं ते झालंच.

"म्हणजे त्या पोरीचा..." तो म्हणाला. "बाई, मी काय वायट करूक नाय. जपलंय मी. जपूनच ठेवलंय."

"माहीत आहे मला."

"माझ्यामुळे तिचा नाव गेला?"

"तुझ्यामुळे नाही. तू मी सांगितलं तसंच केलंस."

तो मान खाली घालून रडायला लागला. मी नुसती शेजारी बसून राहिले.

८

रुपालीने अहवालाचा मसुदा आधीच करून ठेवला होता. 'शीतसाठवणुकीतील तांत्रिक बिघाड.' कुणाचंच नाव नाही.

"भिवा मार्चमध्ये जातोय, मॅडम. हितेंद्रला परदेशी जायचंय. मुलगी सुटतेय. सगळ्यांचंच निभावतं."

"रुपाली, तुमच्या निबंधातले विषाचे प्रयोग कुठल्या महिन्यात केलेत?"

"नोव्हेंबर," ती सहज म्हणाली. आणि मग तिचा चेहरा पडला. "त्याही नळ्या ऑगस्टमध्येच भरल्या होत्या."

"नवमी दरवर्षी येते."

ती खुर्चीत मागे टेकली. चार वर्षं ज्या निबंधावर ती उभी होती, तो मेलेल्या विषावर उभा होता. तेव्हा विष चाललं नाही आणि तिने छापलं, की निरोप तिकडून जातच नाही. निरोप जात होता. तिचा कॉक बंदच झाला नव्हता. आणि त्या निबंधाशी जुळेना म्हणून एका खऱ्या मुलीला खोटं ठरवलं गेलं होतं.

शुक्रवारी समितीपुढे मी माझा अहवाल वाचला. बिघाड यंत्राचा नाही, असं लिहिलं. हितेंद्रने स्वतःचा प्रयोग लपवला, असं लिहिलं. तो उठून उभा राहिला आणि खरं आहे म्हणाला. एवढी त्याची बाजू मी मान्य करते. सेवकाने डबी गोठवली ती डॉ. विजयकर यांनी दिलेल्या सरसकट नियमामुळे, आणि त्या नियमाला अपवाद असतात हे त्याला सांगायचं काम कुणीच, डॉ. विजयकर यांनीही, कधी केलं नाही, असं लिहिलं. संचालक म्हणाले, एवढं कशाला, मॅडम. मी म्हटलं, छापा.

रुपालीने निबंध मागे घेतला. आकांक्षाची नोंदणी कायम झाली, माफीचं पत्र निघालं. ते पत्र घेऊन रविवारी मी भोईवाड्यात गेले. भिवा बरोबर होता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि वाटभर एक शब्द बोलला नव्हता.

आकांक्षाने दार उघडलं तसा तो उंबऱ्यातच थांबला आणि हात जोडून म्हणाला, "बाय, चुकी झाली माझी."

तिने पटकन त्याचे हात धरून खाली केले. "काका, असं नका करू. खोक्यावर लिहिलं होतं. मी तो वाचून फेकला, डबीवर लिहायला हवं होतं. माझं पण चुकलं. या, आत या."

तिने त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, मार्चनंतर काय करणार विचारलं. भिवा गावच्या आंब्याच्या कलमांबद्दल सांगायला लागला आणि त्याचा आवाज सुटला. मला बरं वाटलं. वाटलं, आपलंही निभावेल.

मी पत्र पुढे केलं. तिने ते शांतपणे वाचलं, घडी घातली.

"सोमवारपासून ये," मी म्हटलं. "रुपाली स्वतः घ्यायला येते म्हणालीय. नवीन विष मागवलंय. तुझ्या नावाने निबंध होईल."

"नाही, मॅडम. मी अंबरनाथला हो म्हटलंय."

"अगं, पण आता का? आता तर सगळं सिद्ध झालंय."

ती उठली आणि आतून प्रयोगाची वही घेऊन आली. सप्टेंबरचं पान उघडून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. तेच आकडे, त्याच वेळा, 'हात हलला, बशी बाद'.

"यात काही बदललंय का, मॅडम?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "मंगळवारी मी तुम्हाला हेच पान दाखवलं होतं."

दाखवलं होतं. मी ते बघितलंही होतं.